अर्ध्या खोलीतला दोन टनांचा एसी

मित्रांनो, भाईंदर पश्चिमेला एका इमारतीच्या सगळ्यात वरच्या मजल्यावर, दत्ताराम आणि उर्मिलाबाईंच्या घरात भिंतीवर टांगलेला मी एक जुना एसी. अंग पिवळं पडलंय, पण आवाज अजून खणखणीत आहे बरं का!

मला आणलं तेव्हा या घरात एकच लांबरुंद खोली आणि स्वयंपाकघर होतं. वर गच्ची तापायची. दुकानदाराने खोलीचं माप विचारलं, ऊन कुठून येतं ते विचारलं आणि दोन टनांचा मी निवडला. दत्ताराम, उर्मिलाबाई आणि त्यांचा मुलगा नीरज अशी तिघं ओळीने झोपायची. मी सलग चालायचो, हवेतला दमटपणा ओढून घ्यायचो. "काय गारवा आहे हो!" म्हणत शेजारीपाजारी येऊन बसायचे. तेव्हा माझा काय थाट होता म्हणून सांगू!

मग नीरजचं लग्न ठरलं. खोलीच्या मधोमध प्लायवूडचं पार्टिशन उभं राहिलं आणि मी आतल्या अर्ध्या भागात अडकलो. पुढे नीरज आणि त्याची बायको दिव्या नोकरीसाठी बेंगळुरूला गेले, तिथेच त्यांनी घर घेतलं. पार्टिशन मात्र तसंच राहिलं. "आली पोरं तर त्यांना खोली नको?" असं उर्मिलाबाई म्हणायच्या.

उकाडा सोसेना म्हणून दत्ताराम आणि उर्मिलाबाई आत झोपू लागले आणि माझी फजिती सुरू झाली. एवढीशी जागा मी बघता बघता गार करायचो आणि बंद पडायचो. दमटपणा ओढायला मला सलग चालावं लागतं, तेवढा वेळच मिळेना. चादरी ओलसर लागायच्या. दत्तारामांचा खांदा धरायचा. शेवटी ते उशी घेऊन पार्टिशनबाहेरच्या भट्टीत झोपायला गेले. उर्मिलाबाईंना उकाड्यात जीव घाबरा व्हायचा, म्हणून त्या आत. उभा जन्म शेजारी झोपलेली माणसं प्लायवूडवर टकटक करून "झोपलीस का गं?" विचारू लागली. मला फार वाईट वाटायचं हो.

"हा मेला बिघडलाय. देऊन टाकू," उर्मिलाबाई म्हणाल्या.

नव्या एसीसाठी दत्ताराम टेप घेऊन खोली मोजायला लागले. मोजता मोजता थांबले.

"अगं, हा बिघडलेला नाहीये. हा अख्ख्या खोलीचा आहे. आपणच खोली अर्धी केली."

"मग छोटा आणू."

"आणू की. नाहीतर हे पार्टिशन काढू."

"नीरजची खोली आहे ती!"

"उर्मिला, तो आता पाहुणा म्हणून येतो गं."

त्या तडक स्वयंपाकघरात गेल्या. दोन दिवस घरात बोलणं जेवणापुरतंच झालं. तिसऱ्या दिवशी दुपारी दत्ताराम बाहेर खुर्चीत पेंगत होते, छातीवर ओला पंचा टाकून. उर्मिलाबाई दारात उभ्या राहून कितीतरी वेळ त्यांच्याकडे बघत होत्या. मग डोळे पुसत त्यांनी नीरजला फोन लावला.

"पार्टिशन काढतेय रे. चालेल ना?"

"अगं आई, काढ ना! तुम्हालाच हवंय असं वाटलं, म्हणून मी बोललो नाही कधी." मग तो हळूच म्हणाला, "पण आम्ही आलो की झोपायचं कुठे?"

"आमच्यातच. पूर्वी कुठे झोपायचास?"

सुतार आला, पार्टिशन गेलं. आता दोघं पुन्हा शेजारी झोपतात आणि मी सलग चालतो. दत्तारामांचा खांदाही कुरकुरत नाही.

म्हणून सांगतो मित्रांनो, मोठा तो चांगला असं समजू नका. छोटा एसी मोठ्या खोलीत धापा टाकतो, मोठा छोट्या खोलीत अवघडतो. आधी खोली मोजा आणि माझी जाळी अधूनमधून धूत जा. आज घरात जे झोपतात त्यांचा विचार आधी करा. येणाऱ्यांसाठी माणसं सरकून जागा करतात. मला बापड्याला सरकता येत नाही.