बाबांचा घडीचा कॅमेरा

बाबा गेल्यावर लेकीने घरातलं दुसरं काहीच मागितलं नाही. मागितला तो फक्त त्यांचा जुना जर्मन घडीचा कॅमेरा. दादा म्हणाला, "वहिनीला विचार. तिच्याकडे असतो तो."

तेवढ्यानेच लेकीच्या पोटात दुखलं. लहानपणी बाबा तिला कॅमेऱ्याला हात लावू द्यायचे नाहीत. "लांबून बघ," म्हणायचे. आणि आता वहिनी पडदे ओढून, बाबांच्याच खुर्चीत बसून, कॅमेऱ्याच्या घड्या-घड्यांच्या चामडी भात्यात टॉर्च धरत होती.

"या वन्सं! कोपऱ्यात चांदणी दिसतेय ना? भोक आहे ते, तिथून उजेड शिरतो आत."

"बाबांनी शिकवलं वाटतं?"

"शिकवलं कसलं! डोकं खाल्लं नुसतं." वहिनी हसली. "म्हणायचे, पूर्वी भिंग हाताने रुळावरून ओढून काढावं लागे; तोवर समोरचा म्हातारा व्हायचा. मग जर्मन कारागिरांनी स्प्रिंगच्या कमानी बसवल्या. बटण दाबा, झाकण पडतं, भिंग आपसूक पुढे येऊन उभं! मिटला की पुन्हा कोटाच्या खिशात."

हा सगळा इतिहास लेकीने पुस्तकांतून वाचून ठेवला होता, बाबांनी कधीतरी विचारावं म्हणून. समोरचा म्हातारा होण्याचा विनोद मात्र कुठल्याच पुस्तकात नव्हता.

"मला हवाय तो," ती म्हणाली.

"न्या की. तुमचाच आहे."

वहिनी भांडली असती तर बरं झालं असतं. लेकीने कॅमेरा ओढून घेतला आणि झाकण लावायला गेली. ते अर्ध्यावर अडलं.

"आधी भिंगाची कडी फिरवून अनंताच्या खुणेवर..."

"माहितीये मला."

माहीत होतंच. पण मग कमानी नेमक्या कुठे दाबायच्या, ते बोटांना ठाऊक नव्हतं.

"जोर नाही लावायचा हं," वहिनी म्हणाली. शब्द बाबांचे, सूरही बाबांचाच.

लेक उठली. कसा मिटायचा हे विचारण्यापेक्षा तिने तो उघडाच उचलला आणि काठोकाठ भरलेलं भांडं न्यावं तसा दोन्ही हातांत धरून जिना उतरली.

बसमध्ये तिने तो शेजारच्या सीटवर ठेवला. एक गृहस्थ जागेसाठी वाकले.

"घडीचा दिसतोय. मिटा ना जरा."

"नाही मिटत," ती म्हणाली, आणि बाहेर बघत राहिली.