श्वासाचा मुहूर्त

डॉक्टर कमलाक्षींनी सोनोग्राफीचं चित्र टेबलावर ठेवलं होतं, आणि सुप्रभाचे थोरले बंधू अनिरुद्धराव त्याकडे न पाहता खिडकीबाहेर थांबलेल्या टाउन बसकडे पाहत होते. काचेपलीकडे, अतिदक्षता विभागात, दोघांचे वडील, अप्पा, निजले होते. त्यांची छाती वर-खाली होत होती; पण कालव्यात दुसऱ्याच कुणी सोडलेलं पाणी वाहावं, तसा तो श्वास परका होता.

"छाती आणि पोट यांच्यामधला हा स्नायू," डॉक्टर तमिळमध्ये म्हणाल्या. "श्वास ओढतो तो हाच. न्यूमोनिया ओसरला, पण सगळं काम श्वास देणारं यंत्रच करत राहिलं, तसा हा वाळत गेला. बघा, किती पातळ झालाय."

सुप्रभाला हे नवं नव्हतं. ताप उतरला त्याच सकाळी डॉक्टर म्हणाल्या होत्या, झोपेचं औषध कमी करू, थोडा वेळ त्यांचा श्वास त्यांना घेऊ दे, यंत्र नुसता हात देईल. त्या दिवशी अष्टमी निघाली. मग नवमी. मग डॉक्टरांच्या फेरीवरच राहुकाळ आला. नवं काही अशुभ वेळी आरंभू नये, हे अनिरुद्धराव दर वेळी हात जोडून, इतक्या गोड शब्दांत सांगत की सारा विभाग त्या गोडव्यापुढे नमे.

"यंत्राला राहुकाळ लागत नाही वाटतं, अण्णा?" तिने तेव्हाच विचारलं होतं.

"धाकट्यांनी मध्ये बोलू नये, सुप्रभा मा," असं हसून उत्तर आलं होतं.

आता ते हसत नव्हते. "अप्पांना त्रास नको, एवढंच माझ्या मनात होतं."

"त्रास तुम्हाला बघवत नव्हता," सुप्रभा म्हणाली. "अप्पांना कुणी विचारलं?"

"मीही ऐकत गेले," डॉक्टर म्हणाल्या, "ते चुकलं. अजून आशा आहे. उद्या सकाळी सुरू करू. घाम फुटेल, यंत्र ओरडेल, ते घाबरतील. थकले की पुन्हा आधार देऊ, दुसऱ्या दिवशी थोडं वाढवू. पण पुन्हा थांबवलंत, तर या स्नायूकडे मागायला माझ्यापाशी काही उरणार नाही."

सुप्रभा भावासमोर जाऊन उभी राहिली. तिचा आवाज तिलाच कडू लागला.

"उद्या. दिवस कुठलाही असो. हो म्हणा, अण्णा."

अनिरुद्धरावांनी चष्मा पुसला, खुर्ची अदबीने आत सरकवली, आणि 'हो' न म्हणताच ते जिन्याकडे चालू लागले.