लाडकी सुई

स्पिरिटचा वास आला की मला आधी बाबांचा दवाखाना आठवतो, आजारपण नंतर. घराच्या पुढच्या खोलीत काचेच्या सिरिंजा, स्टोव्हवरचं भांडं आणि बाबांची ती लाडकी सुई. बाकीच्या सुया बोथट झाल्या की फेकायच्या, हिला मात्र ते दगडावर घासून धार लावायचे. डॉक्टर टोचतात ते कळतसुद्धा नाही, असं सगळी गल्ली म्हणायची आणि बाबा फुशारून जायचे. ही सुई खास माणसांसाठी राखलेली. कोपऱ्यावरचे शिंपीकाका त्यातले एक, आणि आई तर हक्काची. माझ्या जन्मानंतर ती खंगली होती, म्हणून दर आठवड्याला ताकदीचं इंजेक्शन. एकाला टोचून दुसऱ्याला टोचण्याआधी सुईवरून स्पिरिटचा बोळा फिरवला की झालं. उकळणं दवाखाना बंद करताना. मी भित्री भागूबाई, सुई दिसली की धूम ठोकायचे. काय सुखाचे दिवस होते ते!

परवा तज्ज्ञ डॉक्टरीणबाईंनी आईचा रिपोर्ट पाहिला. हिपॅटायटिस सी.

"हा विषाणू रक्तातून रक्तात जातो आणि वर्षानुवर्षं गुपचूप यकृत पोखरतो. गोळ्यांनी विषाणू जाईल, पण यकृत बरंच खराब झालंय," त्या म्हणाल्या. "पूर्वी कधी रक्त चढवलं होतं? किंवा दुसऱ्याला टोचलेली सुई?"

"छे! कधीच नाही," आई ठसक्यात म्हणाली. बाबा शेजारीच होते. मरणाच्या दारातही तिला त्यांचं नाव जपायचं होतं. मला तिचा रागही आला आणि भरूनही आलं.

"खोटं बोलतेय ती," बाबा म्हणाले. "सुई माझीच होती. बऱ्याच जणांना टोचलीय."

"गप्प बसवत नाही का हो तुम्हाला?" आई उसळली. "आता लोक काय म्हणतील?"

"जगले तर म्हणतील ना!"

दुसऱ्या दिवशी मी बाबांना घेऊन शिंपीकाकांच्या दुकानात गेले. काकांनी मशीन थांबवलं आणि हसत बाही वर सरकवली.

"या डॉक्टर! तुमच्यासारखा हलका हात पुन्हा भेटला नाही बघा."

बाबा उंबऱ्यातच थांबले. "रक्त तपासून घे," ते म्हणाले. "माझ्या सुईतून तुला आजार गेला असेल. यकृताचा. आमच्या हिला झालाय."

काकांनी बाही खाली केली नाही.

"मग रक्त तुम्हीच काढा," ते म्हणाले.