मणक्यातलं पाणी

बायको गेली तेव्हा शिंपी रडला होता. पण आपण नेमकं काय गमावलं हे त्याला कळलं ते नंतर, डॉक्टरीणबाईंनी त्याला आणि त्याच्या लेकीला बोलावून घेतलं त्या दिवशी.

"काका, काकूंच्या मणक्यातलं पाणी काढलं होतं, आठवतं?"

आठवत होतं. भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन ती निजली होती. जन्मभर दुकानात काजं केलेली बाई. सुई शिरली तशी म्हणाली, "अहो, गाठ नीट मारायला सांगा त्यांना." नर्ससुद्धा हसली होती.

"त्यातलं थोडं पाणी आम्ही गोठवून ठेवलं होतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्तात सिफिलिसची खूण होती, पण ती बरं झाल्यावरही राहते. पाण्याच्या नेहमीच्या तपासणीत काही निघालं नाही, म्हणून त्यांचं विसरणं आम्ही वयावर ढकललं. आता नवी तपासणी केली. हा आजार मेंदूत गेला की पाण्यात एक प्रथिन वाढतं. काकूंचं फार वाढलं होतं. त्या एकावर शपथ घेता येत नाही, पण बाकी सगळं जुळतंय."

"त्याला औषध होतं?" शिंप्याने विचारलं.

"पेनिसिलिन. गेलेलं सगळं परत आलं असतं असं नाही. पण पुढचं थांबलं असतं."

शिंप्याला वकिलाचा कोट आठवला. बायकोने त्याच्या पुढच्या दोन्ही बाजूंना काजं केली होती, बटणांना जागाच नाही. वकील म्हणाला होता, "मास्तर, हा घालायचा कसा, नाडी ओवून?" सगळे हसले. तीही हसली. त्याने ते थट्टेवारी नेलं.

"तुम्ही दोघंही रक्त तपासून घ्या," डॉक्टरीणबाईंनी बजावलं.

बाहेर जिन्यापाशी लेकीने त्याला अडवलं. "आईला हे आलं कुठून? घर आणि दुकान सोडून ती कुठे गेली होती का कधी?"

शिंप्याला माहीत होतं. लग्नाआधीच तिने सांगितलं होतं: पहिला नवरा, त्याने दिलेला रोग, घेतलेली इंजेक्शनं. ती पुरी घेतली की मध्येच सोडली, तिलाही धड आठवत नव्हतं. लेकीला त्या पहिल्या लग्नाचाही पत्ता नव्हता. "पोटच्या पोरालासुद्धा सांगायचं नाही," असा शब्द तिने घेतला होता.

"बोला की, बाबा. तोंड शिवलंय का?"

"तू आधी रक्त दे."

"देईन. पण तुमच्यामुळे का, एवढं सांगा."

नाही म्हटलं तर उरत होती फक्त तिची आई.

"हो," तो म्हणाला.

"आणि ती शेवटपर्यंत तुम्हालाच हाका मारत होती," लेक म्हणाली आणि जिना उतरून गेली.

बरेच दिवस ती बोलली नाही. मग एका सकाळी फोन आला.

"माझ्यात काही निघालं नाही. तुमचं?"

"देतो रक्त."

"देतो देतो काय? आईसारखं व्हायचंय का?" लेक म्हणाली. "तुमच्यावर राग आहे, तो राहणार. पण मला बापसुद्धा असा घालवायचा नाहीये. आणि रिपोर्ट मला दाखवायचा. तुमच्या तोंडी बोलण्यावर माझा विश्वास नाही."

शिंप्याने फोन ठेवला. रक्तात काही निघालं तर औषध होतं. काही नाही निघालं तर लेक एका क्षणात हिशेब मांडेल आणि दोष आईवर जाऊन पोचेल. परवा हातातली कात्री कुठे ठेवली ते आठवेना, तेव्हा त्याला दरदरून घाम फुटला होता. कात्री कापडाखालीच होती.

त्या दुपारी तो प्रयोगशाळेपर्यंत गेला. खुर्चीत बसला, बाहीही वर केली. मग "उद्या येतो" म्हणून उठला.

इतके दिवस दुकानात पडून असलेल्या वकिलाच्या कोटावरची नको ती काजं त्याने बुजवली. वकील कोट घेऊन गेला. लेक रोज फोन करून विचारते. शिंप्याने रक्त अजून दिलेलं नाही.