कंपायलर ओळखीचा नाही

आमच्या घरी लँडलाइन अजून चालू आहे, आणि त्याला कारण एक फाइल आहे. अब्बांनी, म्हणजे खाजाभाईंनी, वीस वर्षांपूर्वी सी या संगणकभाषेत एक छोटी लायब्ररी, म्हणजे कुणालाही आपल्या प्रोग्राममध्ये घालता येईल असा आयता कोड, लिहिली. टॉवेलच्या मागांवर, वजनकाट्यांत ज्या चिमुकल्या चिप बसतात त्यांच्यासाठी. अक्षरं जोडणं, आकडे छापणं, असली रोजची कामं ती करते. मागेल त्याला त्यांनी ती फुकट दिली. तिच्यात एक हेडर फाइल आहे. कंपायलर म्हणजे लिहिलेला प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवणारा दुभाषी, आणि प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. एकाच गोष्टीला एक जण एक शब्द वापरतो, दुसरा भलताच, आणि तिसऱ्याला ती गोष्टच ठाऊक नसते. या फाइलीतले मॅक्रो, म्हणजे शब्दांची अदलाबदल करणाऱ्या ओळी, आधी समोर कोण आहे ते बघतात आणि त्याला कळेल तोच शब्द पुढे करतात. एवढ्यासाठी अब्बांनी अकरा कंपायलरांचे स्वभाव पाठ केले होते. अम्मीचा मोबाइल नंबर त्यांना अजून पाठ नाही.

आणि बारावा कोणी आला तर? तिथं काम थांबायचं आणि पडद्यावर ओळ यायची: ‘कंपायलर ओळखीचा नाही. खाजाभाईला फोन करा.’ पुढे घरचा नंबर.

लोक करायचे की फोन. दुधनीचे सिद्धप्पा अर्धं कन्नड, अर्धं मराठी बोलायचे आणि अब्बा दोन्ही अर्ध्यांना उत्तर द्यायचे. एकदा पोलंडहून एका बाईंचा आला. त्यांच्याशी अब्बा चाळीस मिनिटं बोलले, त्यातली वीस कडक भाकरी किती दिवस टिकते यावर. फोन नेमका जेवताना यायचा. अम्मी म्हणायची, "तुमच्या कंपायलरांना कुणी जेवायला घालत नाही का?"

अब्बांची सत्तरी उलटली तशी लायब्ररी माझ्याकडे आली. मी समरा. पुण्याच्या एका कंपनीचं काम घरून करते, आणि या घरात माझ्याइतकं भांडखोर दुसरं कुणी नाही, हे आधीच सांगून टाकते. आमच्या कंपनीला ही लायब्ररी आवडली, पण मीटिंगमध्ये एकानं ती ओळ मोठ्यानं वाचली आणि सगळे हसले. मीही हसले. मला अब्बांची लाज वाटली, खोटं कशाला बोलू. त्याच दिवशी मी ती ओळ काढून टाकली. आता अनोळखी कंपायलर आला तर मॅक्रोच्या जागी काहीच लिहायचं नाही, आणि पुढे जाऊ द्यायचं.

घरात आम्ही दखनी बोलतो, ते इथं मराठीतच सांगते. अब्बा म्हणाले, "ओळख नसेल तर थांबवावं, विचारावं. मुकाट्यानं आत सोडू नये."

"हल्लीचे कंपायलर शहाणे असतात, अब्बा. आणि तुम्हाला आता विचारतंय कोण?"

मला म्हणायचं होतं, फोन आताशा कमी येतात. पण तोंडातून निघालं ते निघालं.

मग फोन खरंच बंद झाले. अब्बा जेवण आटोपून फोनशेजारच्या खुर्चीत बसायचे. एकदा ते रिसीव्हर उचलून नुसतेच कानाला लावून बसलेले दिसले. "लाइन चालू आहे का बघत होतो," म्हणाले. माझ्याशी ते भाजीबद्दल बोलायचे, नळाला पाणी कधी येणार याबद्दल बोलायचे. लायब्ररीबद्दल एक शब्द नाही.

दोन महिन्यांनी, एका बुधवारी, घोळ झाला. अजिनाथ म्हणून एक जण वजनकाटे बनवतो. त्यानं नवी चिप घेतली, तिच्याबरोबर आलेला नवाच कंपायलर वापरला आणि आमची लायब्ररी घालून सांगोल्याच्या बाळासोंना शेळ्यांचं वजन करायला काटा दिला. त्यानंच त्यांना माझा नंबरही दिला.

"ताई, काटा शेळी सहाशे बारा किलोची दावतोय," बाळासो म्हणाले. "म्हैस इकून हीच पाळू का?"

"आणि बोकड?"

"बोकडाला वजनच न्हाय. शून्य. आन त्यानंच काल मला आडवा पाडलाय. रविवारी बाजार हाय, तवर बघा कायतरी."

चूक माझ्या त्या ‘काहीच लिहायचं नाही’मध्ये आहे, हे मला तासाभरात कळलं. पण अशा मोकळ्या सोडलेल्या जागा सत्तावीस होत्या. मी एक भरायची, अजिनाथनं चिपमध्ये घालायची, बाळासोंनी शेळी उचलून काट्यावर ठेवायची. गुरुवार गेला, शुक्रवार गेला. शेवटी बाळासो म्हणाले, "शेळी आता काटा बघितला की पळतीया."

शनिवारी दुपारी मी हात टेकले. ज्यांना हे तोंडपाठ होतं ते शेजारच्या खोलीत बसले होते. मध्ये सहा पावलं होती आणि माझं ते वाक्य होतं. मी मोबाइल घेतला आणि घरच्याच लँडलाइनवर फोन लावला. भिंतीपलीकडे घंटा वाजली. दुसऱ्या घंटेला उचलला गेला.

"खाजाभाई बोलतोय. बोला." फोनवर अब्बा मराठीच बोलतात, अस्सल सोलापुरी.

"कंपायलर नवा आहे. शेळी सहाशे बारा किलोची दाखवतोय."

पलीकडे जरा खोकल्यासारखं झालं. "कवापासनं?"

"हेडरमधली तुमची ओळ काढल्यापासून."

"कुनी काढली?"

"आहे एक शहाणी."

"घरात कुनी जाणतं मानूस न्हाय व्हय तिच्या? विचारायचं की."

"आहे. पण ती त्यांना नको ते बोलून बसली. आता समोर जायची लाज वाटते तिला."

मग भिंतीपलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"फोनवर मी भायेरच्यास्नी सांगतो," अब्बा म्हणाले. "घरातल्यांनी हितं येऊन बसायचं." आणि ठेवून दिला.

मी लॅपटॉप घेऊन गेले. त्यांच्या शेजारी दुसरी खुर्ची ओढून ठेवलेली होती.

"अब्बा, मी चुकले."

"ते नंतर. आधी शेळी."

दहा मिनिटं लागली त्यांना. वजनाची माहिती चिपमध्ये एकाला एक चिकटून बसली पाहिजे, हे सांगणारा मॅक्रो मी रिकामा सोडला होता. नव्या कंपायलरनं आपल्या सोयीनं मध्ये जागा सोडली, आणि काटा भलत्याच जागेवरून आकडे वाचत होता. अब्बांनी त्या कंपायलरचा शब्द शोधून जागच्या जागी बसवला. मग काढलेली ओळ मी परत घातली. नंबर त्यांनी स्वतः, एका बोटानं, टाइप केला.

तासाभरानं बाळासोंचा निरोप आला: शेळी बत्तीस, बोकड एकेचाळीस.

अब्बांनी चष्मा काढून खिशात ठेवला आणि माझ्याकडे वळून बसले.

"हां, बोल आता. मघाशी काय म्हणत होतीस?"

मघाशी ते पटकन म्हणता आलं होतं. आता ते ऐकायला बसले होते, आणि मला पुन्हा म्हणायला फार वेळ लागला.