हिमानीची झोळी

मी एक झोळी. लेकराला आईच्या छातीशी बांधायची सुती झोळी. एका टोकाला दोन कड्या शिवलेल्या, दुसरं टोक त्यांतून ओवून घट्ट ओढायचं, एवढंच माझं रूप. आता माझे तुकडे झाले आहेत. ते कसे झाले, ते सांगते.

रामाकोना गावच्या प्रतीकने मला मोबाइलवरून मागवलं. त्याची बायको सोनाली दोन महिन्यांच्या हिमानीला घेऊन एकटीच बसने ये-जा करायची. तिचे हात मोकळे राहावेत, एवढाच त्याचा विचार. माझ्यासोबत चित्रांचा एक कागद आला होता. माणसं नवी वस्तू आधी वापरतात आणि कागद नंतर वाचतात. इथे तर तो वाचलाच नाही. मी आले त्या खोक्याच्या तळाशी गेला.

हिमानीला लस द्यायला सौंसरला जायच्या दिवशी सोनालीने मला घाईघाईत गळ्यात अडकवलं. मी सैल होते, पार कंबरेपर्यंत लोंबत होते. हिमानी माझ्या तळाशी मुटकुळं होऊन पडली. बसमध्ये खिडकीतून गार वारा आला, तशी सोनालीने माझा पदर तिच्या तोंडावर ओढला. सौंसर जवळ आलं तेव्हा लेकराची हनुवटी छातीला टेकली होती. तिचा श्वास माझ्या कापडाला लागत होता. आधी लांब, मग तोकडा, मग अगदी थोडा. मला हे कळत होतं, पण कापडाला ओरडता येत नाही.

शेजारी केसरबाई नावाची म्हातारी संत्र्याची टोपली घेऊन बसली होती.

"काऊन व बाई, लेकरू कोठं हाय?"

"झोपली हाय, मावशी."

"तोंड तं पाहू दे."

म्हातारीने स्वतःच पदर बाजूला केला. हिमानीचे ओठ निळसर पडले होते. सोनालीने तिला ओढून बाहेर काढलं, मान सरळ केली. क्षणभर काहीच झालं नाही. मग लेकराने श्वास घेतला आणि अशी रडली, की ड्रायव्हरनेही मागे वळून पाहिलं. सोनाली तिच्यापेक्षा जास्त रडली.

डॉक्टरांनी तपासलं. हिमानी ठीक होती. घरी मात्र प्रतीकची आई, पुष्पाबाई, म्हणाल्या, "फेक ते फडकं!" सोनालीने फेकलं नाही, पेटीमागे कोंबलं. दोन महिने मी तिथे धूळ खाल्ली. दोष माझाच, असं मलाही वाटू लागलं.

मला बाहेर काढलं ते पुष्पाबाईंनीच. नातीला दिवसभर कडेवर घेऊन त्यांची कंबर धरली होती. मला धुऊन, वाळवून त्या गावात येणाऱ्या अपर्णा नर्सबाईंकडे गेल्या.

"बाई, हे बांधाले शिकवा. चूक फडक्याची होती का आमची, ते तं समजू द्या."

अपर्णाबाईंनी आधी लेकरू घेतलंच नाही. पाच किलो गव्हाची पिशवी माझ्यात बांधायला लावली. कापड खांद्यावर पसरलेलं, कड्या खांद्याच्या जरा खाली. पिशवी सरकली की पुन्हा पहिल्यापासून. चौथ्यांदा जमलं, तेव्हा हिमानीला उभं, पोटाला पोट लावून ठेवलं. गुडघे ढुंगणापेक्षा वर, पाठीला घट्ट आधार.

"मान वाकवून तिच्या डोक्याचा मुका घेता आला पाह्यजे, इतकी वर," अपर्णाबाई म्हणाल्या. "हनुवटीखाली दोन बोटं मावली पाह्यजेत. तोंड कधी झाकायचं नाई. अन् चुलीपाशी, गाडीवर हिच्यात लेकरू न्यायचं नाई."

"थंडी वाजली तं?"

"टोपी घाला. नाक उघडंच."

त्यानंतर पुष्पाबाई नातीला घेऊन संत्र्याच्या बागेतून हिंडायच्या. दर थोड्या वेळाने खाली वाकून मुका घ्यायच्या. बायका हसायच्या, "आजीची माया पाहा!" मला ठाऊक होतं, त्या श्वास ऐकत होत्या. सोनालीने मला पुन्हा हात लावायला आणखी पंधरा दिवस घेतले. पहिल्या दिवशी ती अंगणाबाहेर गेली नाही.

हिमानी चालायला लागली, तसं माझं काम संपलं. यंदा मोहगावची उर्वशी, सोनालीची बालमैत्रीण, बाळंत झाली आणि तिने मला मागितलं. सोनालीने मला उन्हात धरलं. कड्यांजवळची शिवण उसवत होती. खांद्यावर कापड इतकं विरलं होतं, की आरपार उजेड दिसत होता.

"एवढं तं चालते, दे न," पुष्पाबाई म्हणाल्या.

"नाई आई. तुटली तं लेकरू पडन."

तिने कात्री आणली.

"अव, कापून कायले राहिली?"

"पेटीत राहिली तं कोणी तरी काढन अन् बांधन."

पहिला काप कड्यांजवळ गेला. मला वाईट वाटलं नाही, असं नाही म्हणणार. पण दुसऱ्या दिवशी सोनाली नवी झोळी घेऊन मोहगावला गेली, उर्वशीला शिकवायला. जाताना तिने घरातली गव्हाची पिशवीही सोबत नेली.

माझ्या एका तुकड्याने आता हिमानीचे हात पुसतात. तुमच्या घरी माझ्यासारखी कुणी जुनी झोळी जपून ठेवलेली असेल, तर आधी तिला उजेडात धरा. उजेड आरपार आला, तर माया बाजूला ठेवा आणि कात्री घ्या. आम्ही रागावत नाही.