व्यंकटरावांचं रिकामं पान

मुरूमच्या पेठेतल्या पत्रिकांच्या दुकानासमोर त्या सकाळी इतकी गर्दी की चपला काढायला जागा नव्हती. होय, चपला! कॉम्प्युटरच्या दर्शनाला लोक अनवाणी आत जात होते. मॉनिटरला हार, सीपीयूला कुंकू, कीबोर्डवर खोबरं-साखर. मुंग्यांना मात्र चमत्काराचा लगेच प्रत्यय आला होता.

चमत्कार असा. दुकानाचे मालक व्यंकटराव दिवाळीत वारले. तेव्हापासून त्यांच्या पत्नी मथुराबाई, म्हणजे आमच्या काकू, लग्नपत्रिका टाइप करायच्या, सेव्ह करायच्या, दिवेलागणीला कॉम्प्युटर बंद करायच्या. सकाळी बघावं तर काकूंचं सगळं काम गायब! पडद्यावर व्यंकटरावांचं पान हजर: ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, आणि खाली नावांच्या जागा रिकाम्या.

“रातच्याला येत्यात ते,” काकू मला सांगायच्या. “माझं टायपिंग पसंत न्हाय त्यांला. पैल्यापासूनच नव्हतं.”

आणि कीबोर्डशेजारी रोज एक कप चहा ठेवायच्या. तो गार व्हायचा, मग मोरीत जायचा.

मी निखत, इथल्या शाळेत कॉम्प्युटर शिकवते. खोली भाड्याची, स्वयंपाक एकटीचा. शाळा सुटल्यावर बोलायला कुणी नाही, म्हणून काकूंच्या दुकानात बसायची सवय लागली. “मी बघू का एकदा?” असं कितीदा विचारलं, पण त्या हात लावू देत नव्हत्या. व्यंकटरावांना राग येईल म्हणायच्या.

आज व्यंकटरावांच्या खुर्चीत चमत्काराची बातमी ऐकून तुळजापूरहून आलेले योगीराज महाराज बसले होते.

“आत्मा हार्ड डिस्कमध्ये अडकलाय!” महाराज गरजले. “वायफाय दिसतं का? न्हाय ना? मग आत्मा कसा दिसंल? खरा सर्व्हर वर हाय, वर! येत्या अवसंला हे यंत्र माकणीच्या धरणात सोडा. आत्मा मोकळा!”

“व्हय, व्हय,” गर्दी म्हणाली.

काकूंचा चेहरा उतरला. पत्रिकांचं जुनं मराठी सॉफ्टवेअर फक्त याच कॉम्प्युटरवर चालायचं. तो बुडाला की दुकान बुडालं, आणि रोज सकाळचे व्यंकटरावही.

“निखतबाई,” त्या हळूच म्हणाल्या, “बुडवण्यापरीस तुमी बघा.”

मी पुढं झाले. “महाराज, तुमचं नाव लिहू का यात? तुमचं नाव तरी आत्मा पुसणार नाही.”

महाराज फुगले. मी ठळक अक्षरांत नाव लिहिलं, सगळ्या पदव्यांसकट. सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा चालू केलं. रिकामं पान!

“आरं, म्हाराजालाबी पुसलं की!” मागून हनीफ टेलर ओरडला.

“आत्मा कोपलाय,” महाराज पुटपुटले.

मी सेटिंग उघडून बघितलं. “कुणी कोपलेलं नाही. नीट ऐका. हा कॉम्प्युटर नवा आहे. जुनं सॉफ्टवेअर नव्या विंडोजवर चालेना, म्हणून व्यंकटरावांनी याच्या पोटात जुनी विंडोज बसवली. याला व्हर्च्युअल मशीन म्हणतात. तिची सी ड्राइव्ह म्हणजे खरी डिस्क नव्हे, या नव्या कॉम्प्युटरवरची एक मोठी फाईल. आणि हे सेटिंग बघा: बंद करताना साठवलेल्या जुन्या स्थितीला परत जा. ती स्थिती साठवली तेव्हा पडद्यावर हे कोरं पान उघडं होतं, म्हणून रोज तेच येतं.”

“पर असं कशापायी केलं आसंल?” हनीफनं विचारलं.

“गिऱ्हाइकांच्या पेन ड्राइव्हमधून व्हायरस येत असणार. दिवसभरात काही शिरलं तरी संध्याकाळी साफ. त्यांचं स्वतःचं काम बघा, सगळं ई ड्राइव्हवर आहे. ती या फाईलच्या बाहेर आहे. काकू सगळं सी वर ठेवत होत्या.”

मी महाराजांचं नाव पुन्हा लिहून ई वर ठेवलं. मशीन बंद, चालू. पान कोरं, पण ई उघडली तर महाराज पदव्यांसह शाबूत.

“आत्म्याला ई ड्राइव्ह दिसत नाही वाटतं?” मी विचारलं.

महाराजांना एकदम तुळजापूरची एस्टी आठवली. गर्दीनंही आपापल्या चपला शोधल्या.

दुकानात आम्ही दोघीच उरलो.

“म्हंजे ते येत न्हायत,” काकू म्हणाल्या.

“नाही, काकू. हे त्यांनीच केलंय, पण जिवंतपणी.”

त्या रडल्या. मला वाईट वाटलं, पण खोटं बोलवेना. खोट्यानं त्यांची गिऱ्हाइकं घालवली होती, आणि कॉम्प्युटरही घालवणार होतं. शेवटी मी म्हटलं, “सेटिंग काढून टाकू?”

त्यांनी पदरानं कीबोर्डवरचं खोबरं पुसलं. “नगं. व्हायरस येतील. माझं काम ई वर ठिवीन. सकाळचं पान ऱ्हाऊ द्या. त्यांनी केलंय, एवढं मला म्हाईत हाय. बास.”

यंत्र विचित्र वागलं की नारळ फोडण्याआधी एवढंच विचारा: हे कुणी केलं, कधी, कशासाठी? उत्तर बहुतेक वेळा माणसाचंच निघतं.

दुसऱ्या दिवशी शाळेआधी मी दुकानात डोकावले. पान कोरं होतं. शेजारी कप होता, वाफ येत असलेला.

“काकू, परत?”

“त्यांला न्हाय,” काकूंनी कप माझ्याकडं सरकवला. “तुमच्यासाठी हाय. बसा.”